क्यूईमूचं ‘व्हर्ट’ मशीन बूट होत नाही? या चुका टाळा

क्यूईमू हा एका संगणकात दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम. त्यातलं ‘व्हर्ट’ मशीन कुठल्याही खऱ्या बोर्डाची नक्कल नाही. केवळ आभासी वापरासाठी आखलेला तो एक सर्वसाधारण संगणक आहे. त्यात प्रोसेसर, रॅम, एक सिरियल पोर्ट, टायमर, फ्लॅश आणि पीसीआय बस एवढा सांगाडा मिळतो, बाकीचं आपण मागायचं असतं. ग्राफिक्स कार्ड मागितलं नाही तर ते नसतं. कीबोर्डचंही तसंच. नवशिके मात्र एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) साठी किंवा रास्पबेरी पायसाठी लिहिलेली कमांड उचलतात, मशीनचं नाव बदलतात आणि एंटर दाबतात. मग तक्रार एकच असते, ‘काहीच दिसत नाही’. खालचं सगळं ६४-बिट आर्मच्या व्हर्टबद्दल आहे.

टर्मिनल कोरं, आणि आळ कर्नलवर

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. प्रकार साधारण असा घडतो: कर्नल (लिनक्सचा गाभा) नीट कंपाइल झालेलं असतं, कमांडमध्ये ‘-मशीन व्हर्ट’, ‘-कर्नल’, ‘-नोग्राफिक’ सगळं असतं, आणि पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. मग कर्नलचं कॉन्फिगरेशन बदलून पुन्हा कंपाइल, तरी तेच. टूलचेन (कंपाइलर आणि त्याची साधनं) बदलून पुन्हा कंपाइल, तरी तेच. अख्खी संध्याकाळ अशी जाते आणि कर्नलमध्ये दोष नसतोच. ‘-सीपीयू’ लिहायचं राहिलेलं असतं. प्रोग्रामच्या नावात ‘आर्च६४’ असलं, तरी व्हर्टचा न सांगता मिळणारा प्रोसेसर कॉर्टेक्स-ए१५ आहे आणि तो ३२-बिट आहे. त्याच्या हाती ६४-बिट कर्नल दिलं की तो त्यातले आकडे चुकीच्या सूचना म्हणून वाचतो आणि भरकटतो. क्यूईमू त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

म्हणून कोरा पडदा दिसला की काहीही पुन्हा कंपाइल करण्याआधी प्रोसेसर कुठे आहे ते बघा. ‘-नोग्राफिक’ चालू असताना कंट्रोल-ए दाबून सोडा, मग सी दाबा. मॉनिटर, म्हणजे क्यूईमूला आज्ञा द्यायची जागा, उघडेल. तिथे ‘इन्फो रजिस्टर्स’ टाका. यादी ‘आर००’ ते ‘आर१५’ अशी आली तर प्रोसेसर ३२-बिट आहे, शोध संपला. ‘एक्स००’पासून सुरू झाली तर प्रोसेसर बरोबर आहे, पुढचं कारण शोधा. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं. ती टाळून कर्नलच्या मागे लागणं मला अजिबात पटत नाही.

नवशिक्यांनी ‘-सीपीयू कॉर्टेक्स-ए७२’ वापरावं. ‘मॅक्स’ सुचवणारे बरेच भेटतील. त्यात क्यूईमूला येतात ती सगळी वैशिष्ट्यं चालू होतात. जुनं फर्मवेअर किंवा कर्नल त्यातल्या एखाद्यावर अडखळलं की दोष कुणाचा हे नव्या माणसाला ओळखता येत नाही.

प्रोसेसर बरोबर असूनही पडदा कोराच असेल तर ‘-अपेंड’मधली (कर्नलला द्यायच्या सूचनांची) ओळ वाचा. एक्स८६ वरून उचललेलं ‘कन्सोल=टीटीवायएस०’ तिथे हमखास सापडतं. आर्मच्या व्हर्टमध्ये सिरियल पोर्ट पीएल०११ जातीचा आहे, त्यामुळे नाव ‘टीटीवायएएमए०’. रिस्क-व्हीच्या व्हर्टमध्ये मात्र ‘टीटीवायएस०’च चालतं, त्यामुळे गोंधळात भरच पडते. कन्सोलबद्दल काहीच लिहिलं नाही तर लिनक्स डिव्हाइस ट्रीमध्ये (मशीनमधल्या भागांच्या यादीत) नमूद केलेला पोर्ट आपणहून घेतो. म्हणजे चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. माझी सवय अशी की पहिल्या बूटला नुसतं ‘अर्लीकॉन’ जोडायचं. खरा ड्रायव्हर जागा होण्याआधीचे संदेशही त्यामुळे दिसतात.

आणखी एक: ‘-कर्नल’ला ‘आर्च/आर्म६४/बूट’मधली ‘इमेज’ फाइल द्यायची असते. ‘व्हीएमलिनक्स’ ही ईएलएफ फाइल आहे. ती दिली की क्यूईमू तिला लिनक्स समजतच नाही, डिव्हाइस ट्रीचा पत्ता एक्स० रजिस्टरमध्ये ठेवत नाही, आणि पुन्हा तीच शांतता.

इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं, आणि यूईएफआय शेल

दुसरी दुखरी जागा ही. ‘-बायॉस’ला यूईएफआय (मशीन सुरू होताच चालणाऱ्या) फर्मवेअरची फाइल देऊन डेबियनची आयएसओ चालवली जाते. इन्स्टॉलर शेवटपर्यंत जातो. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की ग्रबऐवजी (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामऐवजी) फर्मवेअरचा शेल समोर येतो. डिस्क खराब झाली असं समजून लोक सगळं पुन्हा इन्स्टॉल करतात, आणि एक्स८६ लॅपटॉपवर आर्मची प्रत्येक सूचना भाषांतरित होत असताना हे काही तासांचं काम असतं. दुसऱ्यांदाही शेलच येतो, कारण डिस्कला काही झालेलंच नसतं. इन्स्टॉलरने ‘इथून बूट कर’ ही नोंद फर्मवेअरच्या चलांत (व्हेरिएबलांत) लिहिली होती आणि ‘-बायॉस’ वापरल्यावर ती चलं जपून ठेवायला जागाच नसते.

हातातलं इन्स्टॉलेशन वाचवायचं असेल तर शेलमध्ये ‘एफएस०:’ टाका आणि ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘डेबियन’मध्ये जाऊन ‘ग्रबएए६४.ईएफआय’ चालवा. हा उपाय त्या एका बूटपुरता.

कायमचा उपाय म्हणजे दोन फ्लॅश. पहिल्यात फर्मवेअरचा कोड, फक्त वाचण्यापुरता. दुसऱ्यात चलं, लिहिता येतील अशी. व्हर्टमधली प्रत्येक फ्लॅश बरोबर ६४ एमबीची आहे. लहान फाइल दिली की ‘रिक्वायर्स ६७१०८८६४ बाइट्स’ असा संदेश देऊन क्यूईमू थांबतो. तेव्हा फाइलची प्रत काढून ‘ट्रंकेट -एस ६४एम’ने ती वाढवा. डेबियन-उबुंटूवर ‘क्यूईमू-ईएफआय-आर्च६४’ हे पॅकेज घातलं की ‘एएव्हीएमएफ’ फोल्डरमध्ये योग्य आकाराच्या ‘कोड’ आणि ‘व्हार्स’ फाइली तयार मिळतात. ‘व्हार्स’ची प्रत प्रत्येक मशीनसाठी वेगळी काढा. दोन मशीनना एकच फाइल दिली तर एकाच्या बूट नोंदी दुसऱ्याच्या माथी बसतात.

कर्नल पॅनिक: रूट सापडत नाही

‘अननोन-ब्लॉक(०,०)’ दिसलं की लोक डिस्क इमेज पुन्हा बनवायला घेतात. त्याआधी पॅनिकच्या वरच्या ओळी वाचा. कर्नलला दिसलेल्या डिस्कची यादी तिथे छापलेली असते. यादीत ‘व्हीडीए’ आहे, तर ‘रूट=’मधलं (मूळ डिस्कचं) नाव चुकलंय. पार्टिशन नसलेल्या इमेजला ‘व्हीडीए’ लिहायचं, ‘व्हीडीए१’ नाही. यादी रिकामी असेल तर ड्रायव्हर नाही. व्हर्टआयओ (आभासी उपकरणांची पद्धत) ब्लॉक, व्हर्टआयओ पीसीआय आणि जेनेरिक पीसीआय होस्ट हे तिन्ही कर्नलमध्ये ‘वाय’ (आतच बांधलेले) हवेत. ‘एम’ (वेगळी मॉड्यूल) असतील तर इनिटआरडी (बूटवेळची तात्पुरती फाइल सिस्टिम) द्यावी लागते. मुळातल्या ‘डिफकॉन्फिग’मध्ये ते ‘वाय’च असतात. हौसेने कर्नल बारीक करायला गेलं की हे उडतात.

उरलेल्या, पण रोजच्या

रॅम सांगितली नाही तर १२८ एमबीच मिळते, आणि इन्स्टॉलरची इनिटआरडी त्यात मावत नाही. ‘-एम २जी’ लिहा. नुसतं ‘-एम २’ म्हणजे २ एमबी.

‘-नोग्राफिक’ आणि ‘-सिरियल एसटीडीआयओ’ एकत्र लिहू नका, दोघांनाही तेच टर्मिनल हवं असतं. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. कंट्रोल-सी पाहुण्या सिस्टिमकडे जातं.

आठपेक्षा जास्त कोअर हवे असतील तर ‘जीआयसी-व्हर्जन=३’ द्या. जीआयसी हा इंटरप्ट कंट्रोलर आहे आणि त्याची दुसरी आवृत्ती आठच कोअर सांभाळते.

एक्स८६ लॅपटॉपवर आर्म चालवताना केव्हीएमचा (लिनक्सच्या वेगवर्धकाचा) उपयोग नाही. केव्हीएमला यजमान आणि पाहुणा एकाच जातीचे लागतात. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर ‘-अ‍ॅक्सेल एचव्हीएफ -सीपीयू होस्ट’ चालतं आणि वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

‘व्हर्ट’ हे नाव नेहमी ताज्या आवृत्तीकडे बोट दाखवतं. सेव्ह केलेली मशीन क्यूईमू अपडेट केल्यावरही उघडायची असेल तर ‘व्हर्ट-८.२’सारखं आवृत्तीसह नाव लिहा.

स्वतःचं बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणारा कोड) लिहिणाऱ्यांसाठी: रॅम हेक्स ४००००००० पासून सुरू होते, शून्यावर फ्लॅश आहे. पहिल्या १ एमबीत डिव्हाइस ट्री येऊ शकते, म्हणून कोड ४०१००००० पासून लिंक करा. ‘इन्फो रजिस्टर्स’मध्ये पीसी (चालू सूचनेचा पत्ता) हेक्स २०० वर अडकलेला दिसला तर अपवाद घडलाय आणि व्हेक्टर टेबल लावलेलं नाही. पुष्कळदा कारण एकच असतं: कंपाइलरने प्रिंटएफसारख्या फंक्शनमध्ये फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर वापरलेले असतात आणि ते अजून चालू केलेले नसतात. ‘-एमजनरल-रेग्ज-ओन्ली’ देऊन पुन्हा कंपाइल करा. पत्ते पाठ करण्यापेक्षा ‘-मशीन व्हर्ट,डम्पडीटीबी=’पुढे फाइलचं नाव द्या आणि ती फाइल डीटीसीने (डिव्हाइस ट्री कंपाइलरने) उलगडून वाचा. ही ओळ चालवताना बाकीचे पर्याय रोजचेच ठेवा, कारण ट्री त्यांच्यावरूनच बनते.

आणि आतून पिंग होत नाही म्हणून नेटवर्क बंद आहे असं ठरवू नका. यूजर नेटवर्किंगमध्ये पिंग बहुधा बाहेर जातच नाही. ‘एपीटी अपडेट’ चालवून बघा. बाहेरून एसएसएचने आत शिरायला ‘होस्टएफडब्ल्यूडी’ने २२२२ पोर्ट आतल्या २२ ला जोडावा लागतो. आतला १०.०.२.१५ हा पत्ता बाहेरून दिसत नाही.