छोट्या विमानाच्या एआरसीवर सही कोणाची? एएमई करणाऱ्यांसाठी थोडं आतलं

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या कामोठ्यात बारावी सायन्सवाली पोरं एएमईचं, म्हणजे विमानाच्या मेंटेनन्स इंजिनियरच्या कोर्सचं, विचारायला यायला लागलीत, आणि प्रत्येकाच्या डोळ्यासमोर एअरबस नाहीतर बोईंग, म्हणून सगळे बी१.१ च्या, म्हणजे टर्बाइन इंजिनवाल्या विमानांच्या लायसन्सच्या, मागे. मी छोट्या विमानांकडे आहे, सेसना १५२, १७२ वगैरे, फ्लाइंग क्लबवाली नाहीतर कुणाची तरी स्वतःची, आणि त्यातही आता कॅमोमध्ये (विमान उडण्यालायक राहतंय ना हे सांभाळणारी मान्यताप्राप्त संस्था), म्हणजे हातात स्पॅनर कमी आणि फाइली जास्त. कॉलेजात या बाजूचं कोणी धड सांगत नाही म्हणून लिहितोय.

आधी बेसिक. सी ऑफ ए, म्हणजे विमान उडण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट, एकदा मिळालं की ते दरवर्षी नवीन काढायचं नसतं. दरवर्षी लागते ती एआरसी, एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, म्हणजे विमान अजूनही उडण्यालायक आहे हे तपासून दिलेला कागद. ती संपली की सी ऑफ ए फ्रेम करून भिंतीवर लावलं तरी विमान उडवता येत नाही. (बोलताना मात्र जुनी मंडळी अजून ‘सी ऑफ ए रिन्यूअल’च म्हणतात, गोंधळू नका.) ही एआरसी देते एकतर डीजीसीए (आपल्याकडची विमान वाहतुकीची सरकारी नियामक), नाहीतर तेवढा अधिकार मिळालेली कॅमो. विमान वर्षभर सलग एकाच कॅमोकडे असेल आणि मेंटेनन्स मान्यता असलेल्या ठिकाणी झाला असेल तर कॅमो एकेक वर्षाने दोनदा ती वाढवून देऊ शकते, त्याच्या पुढे मात्र पूर्ण रिव्ह्यू.

रिव्ह्यूत काय बघतात हे इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. एक भाग कागदांचा: तास जुळतात का, एडी (नियामकाने सक्तीच्या केलेल्या तपासण्या-दुरुस्त्या) सगळ्या झाल्यात का, लाइफ लिमिट असलेले, म्हणजे ठरलेल्या तासांनंतर बदलायचेच असे पार्ट कितीवर आलेत, मॉडिफिकेशन-रिपेअर मंजूर होते का, वेट अँड बॅलन्स आत्ताचं आहे का. दुसरा भाग विमानापाशी जाऊन बघायचा, कागद आणि विमान एकच गोष्ट सांगतात का ते.

उदाहरण देतो. सेसनाची सीट ज्या रेलवर पुढेमागे सरकते त्या रेलला भोकं असतात, सीटची पिन त्यात बसते. वर्षानुवर्षं वापरून ही भोकं झिजून लांबट होतात, पिन पक्की बसत नाही, आणि टेकऑफला नाक वर गेलं की सीट सटकन मागे, पायलटने योक (विमानाचं स्टिअरिंग) धरलेला असतो तोही त्याच्यासोबत मागे ओढला जातो, पुढे काय होतं ते सांगायला नको. यावर एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाची, एडी आहे, २०११-१०-०९, दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा रेल तपासायची. लॉगबुकात ‘कम्प्लाइड’ लिहिलेलं असतंच हो. पण टॉर्च मारून बघितलं आणि रेलच्या खाचेत धूळ नि बिस्किटाचा चुरा घट्ट बसलेला दिसला, तर ती सीट किती दिवसांत निघाली नाही हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही.

आता मुद्दा, सही कोणाची असावी. अमेरिकेत छोट्या विमानाचं अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शन आयए, म्हणजे इन्स्पेक्शनचा खास अधिकार, असलेला मेकॅनिक करतो आणि तोच सही करतो, एआरसीसारखं वेगळं सर्टिफिकेटच नाही. युरोपात मार्च २०२० पासून पार्ट-एमएल हे छोट्या विमानांच्या मेंटेनन्सचे वेगळे नियम आले, त्यात २७३० किलोपर्यंतच्या विमानांना, कमर्शियल वापर नसेल तर, अधिकार मिळालेला स्वतंत्र इंजिनियर वार्षिक तपासणी आणि एआरसी दोन्ही एकदमच करू शकतो. आपल्याकडचे विमानमालक हेच दाखवून कुरकुरतात की चार सीटचं माझं विमान, बसणार मी आणि घरचे, मला एवढा कागदांचा पसारा कशाला.

खाजगी विमानापुरतं मला त्यांचं पटतं. ज्याने पॅनल उघडून हात आत घातला त्याच्याइतकं ते विमान कोणाला माहीत असणार, त्याला करू दे सही, डीजीसीएने मधूनमधून कुठलंही एक उचलून तपासावं. सगळंच डीजीसीएने करावं म्हणणाऱ्यांनी एक फाइल घेऊन फेऱ्या मारून बघाव्यात, तिथल्या लोकांवर एअरलाइन्सचंच काम डोक्यावरून जातंय.

फ्लाइंग स्कूलचं मात्र वेगळं आहे आणि इथे मी अजिबात ढिला पडणार नाही. विमान जमिनीवर राहिलं की तासाचे पैसे बुडतात, आणि इंजिनियरचा पगार त्याच पैशातून निघतो, आणि त्यात बसणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने लॉगबुक कधी उघडलेलंही नसतं. तिथे काम करणारा आणि रिव्ह्यू करणारा वेगळाच पाहिजे, आणि वेगळा म्हणजे खुर्ची वेगळी असं नाही. कॅमो त्याच मॅनेजमेंटची असते, दोघांचा बॉस एकच, मग ‘सर, उद्यापासून बॅच आहे’ असा फोन आला की वेगळेपण कागदावर राहतं. माझं मत विचाराल तर स्कूलच्या विमानाचा रिव्ह्यू बाहेरच्या कॅमोनेच करावा, खर्च वाढला तर वाढू दे.

नव्यांना दोन-तीन गोष्टी. छोट्या विमानात यायचं तर पिस्टनवाली बी१.२ बघा. मॉड्यूल १० म्हणजे लेजिस्लेशन फक्त पास होण्यापुरतं पाठ करू नका, कॅमोत रोजचं काम त्यावरच चालतं. लायसन्स मिळालं म्हणून लगेच एआरसीवर सही करता येत नाही, त्याला कंटिन्युइंग एअरवर्दिनेसचा काही वर्षांचा अनुभव आणि डीजीसीएची मान्यता लागते, तोपर्यंत रिव्ह्यू करणाऱ्याच्या मागे टॉर्च धरून फिरा. रिव्ह्यू मुदतीच्या ९० दिवस आधीपर्यंत केला तरी पुढची तारीख मागे येत नाही, तरी फोन शेवटच्या आठवड्यातच येतात, त्याची सवय करून घ्या.

आणि जॉइन होण्याआधी विचारून घ्या की कॅमो घरचीच आहे की बाहेरची, आणि मागच्या रिव्ह्यूत काय काय फाइंडिंग, म्हणजे त्रुटी, निघाल्या. एकही नाही असं कौतुकाने सांगितलं तर ऑफर लेटर जरा थांबवून, हँगरमध्ये एक चक्कर मारायची परवानगी मागा.