इंदूरमध्ये राहून संगीत नाटकात गायचं-नाचायचंय? मग तयारी अशी करा

आधी एक क्लिअर करते. गाणं येतं आणि कथकही येतं म्हणजे संगीत नाटक जमलंच असं नाही, कारण दोन्ही वेगवेगळं झकास करणाऱ्या मुली एकत्र करायला गेल्या की दुसऱ्याच ओळीला धापा टाकतात. म्हणून सुरुवात श्वासापासून.

मध्य लयीतलं तीनतालाचं एखादं पद घ्या आणि आधी पेटीवर बसून पक्कं करा. पट्टी (म्हणजे कुठल्या सुराला सा धरायचा ते) आपल्या गळ्याची, बायकांची साधारण काळी चार-पाच (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी) असते, जुन्या रेकॉर्डच्या मागे धावू नका, त्यातल्या कित्येक नायिका बालगंधर्वांसारख्या पुरुषांनीच गायल्यात. मग घुंगरू न बांधता बरोबरीच्या लयीत तत्कार (कथकचं पायांचं मूळ काम) सुरू ठेवून नुसता मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, म्हणा. टाच आपटली की आवाज हलतोय? गुडघे सैल सोडा, पाय हलका टाका. मुखडा स्थिर झाल्याशिवाय अंतऱ्याला, म्हणजे पदाच्या पुढच्या भागाला, हात लावायचा नाही, कितीही कंटाळा आला तरी.

चक्कर आणि तान एकाच वेळी कधीच नाही! चक्कर गाणं थांबून नुसता तबला वाजतो त्या जागेत घ्या, तिहाई (तीनदा घेतलेला बोल) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणा आणि थांबा. मुखडा नवव्या मात्रेवरून उठत असेल तर समेपासून आठ मात्रा तुमच्या हातात असतात, तेवढ्यात पेटीवाला भरतो, तुम्ही नाकानं पूर्ण श्वास घ्या, तोंड वासू नका, पहिल्या रांगेला सगळं दिसतं. कुठे श्वास घ्यायचा ते संहितेवर पेन्सिलनं मार्क करा, प्रयोगात आठवत नसतं काही.

नऊवारी रिहर्सलच्या सुरुवातीपासूनच नेसा, लेगिंग्जवर केलेले चक्कर काष्ट्यात वेगळेच पडतात. आणि घुंगरांचा आवाज माईकमध्ये घुसतो, साऊंडवाल्याला आधीच सांगून ठेवा.

भाषेचं मात्र सिरियसली घ्या. आपण इंदूरकर 'काय करून राहिली' म्हणतो, घरी गोडच वाटतं, पण पदात ळ चा ल झाला की पुण्याहून आलेला प्रेक्षक लगेच कान टवकारतो 😄 रोज पेपरातला एक कॉलम मोठ्यानं वाचा.

शिक्षणाचं म्हणाल तर गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा गायन आणि कथक दोन्हींत देता येतात, पण विशारद ही त्यातली वरची परीक्षा दोन्हीकडे एकदम नको, आधी गाणं, माझं तरी मत हेच. अभिनयासाठी भोपाळला मध्यप्रदेश नाट्य विद्यालय आहे, पुढे दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. आणि इंदूरमध्ये मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद या संस्थेची मेंबरशिप घ्याच, एकाच नाटकाचे वेगवेगळ्या समूहांसाठी प्रयोग होतात, जमलं तर तेच नाटक दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त नटीचे पाय आणि श्वास बघायचे.

करिअर? संगीत नाटकातल्या मोठ्या गायिका-नटी जयमाला शिलेदार इंदूरच्याच, जन्म 1926 चा, पण कारकीर्द घडली महाराष्ट्रात. 1949 मध्ये जयराम शिलेदारांसोबत मराठी रंगभूमी ही संस्था उभी केली आणि पद्मश्री मिळाली थेट 2013 मध्ये. तेव्हा धीर धरा आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की नुसत्या नाटकावर भागणार नाही, सोबत गाण्याच्या शिकवण्या किंवा नोकरी लागेलच. नोकरी घेताना फक्त संध्याकाळ मोकळी राहील एवढं बघा, तालमी तेव्हाच असतात.