एकटीने मुलांना वाढवणाऱ्या आईचे चरित्र कसे लिहावे

पतीच्या निधनानंतर एकटीने मुलांना लहानाचे मोठे केलेल्या आईविषयी लिहायला बसले, की तिचे कष्ट, तिची माया, तिने दिलेले संस्कार हे सगळे पहिल्या परिच्छेदातच लिहून होते आणि पुढे काय लिहावे ते सुचत नाही. अशा लिखाणातून मुलांची कृतज्ञता पोहोचते, पण ती बाई कशी होती हे वाचणाऱ्याला कळत नाही. माझे स्पष्ट मत आहे, की अशा आईचे चरित्र लिहायचे असेल तर तिने घेतलेले निर्णय शोधावेत. कोणत्या वर्षी, कोणत्या अडचणीत, कोणते पर्याय समोर असताना तिने काय ठरवले आणि त्याची काय किंमत मोजली, हे सापडत गेले, की तिच्या थोरवीबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.

सुरुवात कालपटापासून करावी. एका मोठ्या कागदावर वर्षे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक वर्षापुढे आईचे वय, प्रत्येक मुलाचे वय, त्या वेळचे राहते घर, घरात राहणारी माणसे आणि घरात पैसे येण्याचा मार्ग एवढ्या गोष्टी नोंदवाव्यात. जे आठवत नाही ते रिकामे सोडावे, कारण पुढे कोणाला काय विचारायचे हे त्या रिकाम्या चौकटीच सांगतात. हे काम एका बैठकीत होते, पण त्यातून एक गोष्ट बहुतेक मुलांना पहिल्यांदाच लक्षात येते: वडील गेले तेव्हा आईचे जे वय होते, त्याहून आपण आज मोठे आहोत. आपल्याला आयुष्यभर ती वडीलधारी म्हणूनच दिसलेली असते. प्रत्यक्षात ते सगळे निर्णय घेतले तेव्हा ती एक तरुण स्त्री होती. ही जाणीव झाल्यानंतर केलेले लेखन आधीच्या लेखनाहून फार वेगळे उतरते.

त्यानंतर भावंडांनी एकत्र न बसता आपापल्या आठवणी स्वतंत्रपणे लिहून काढाव्यात. एकत्र बसले, की थोरल्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते. माणसाला साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे फारसे काही आठवत नाही, त्यामुळे वडील गेले तेव्हा जो मुलगा त्या वयाचा होता, त्याच्याकडे असलेली वडिलांची प्रतिमा बहुधा आईनेच सांगून सांगून उभी केलेली असते. ती कशी उभी केली, काय सांगितले आणि काय गाळले, हा चरित्रातला एक महत्त्वाचा भाग आहे. उलट जो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता, त्याला आईची घालमेल दिसलेली असते, कदाचित घरची काही जबाबदारीही त्याच्यावर आलेली असते. थोरल्याला ती कडक आणि अबोल आठवते, धाकट्याला हसरी आणि मोकळी आठवते, आणि दोघांचेही खरे असते. मधल्या आठ-दहा वर्षांत घराची घडी बसलेली असते. अशा वेळी कोणाची आठवण बरोबर असा वाद घालू नये. दोन्ही लिहाव्यात, कोणाची कोणती ते सांगावे आणि प्रत्येकाचे तेव्हाचे वय नोंदवावे.

आई हयात असेल तर तिच्याशी बोलणे हे सर्वांत आधीचे आणि न लांबवण्याचे काम आहे. मात्र "एवढं सगळं तू एकटीने कसं केलंस गं?" असे विचारले, तर "करावंच लागलं" याखेरीज उत्तर मिळत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही, कारण प्रश्नच फार मोठा आहे. प्रश्न लहान आणि नेमका असावा. बाबा गेल्यानंतर घरात पहिले पैसे कोणी आणि कशाचे आणले? कामावर पहिल्या दिवशी गेलीस तेव्हा धाकट्याला कोणापाशी ठेवले होते? घर सोडायला कोणी सांगितले आणि तू काय उत्तर दिलेस? रात्री आम्ही झोपल्यावर तू काय करायचीस? शक्य असेल तर एखादी जुनी वस्तू समोर ठेवावी, मग ते शिवणयंत्र असो, कामाच्या ठिकाणचे ओळखपत्र असो किंवा जुना फोटो. वस्तू हातात आली, की बोलणे आपोआप सुरू होते. वयस्क माणसांना आपल्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या गोष्टी इतर काळापेक्षा अधिक स्पष्ट आठवतात असे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना आढळले आहे. तेव्हा तिथून सुरुवात केली तर तिलाही बोलणे सोपे जाते.

एका वेळी पाऊण तासाहून जास्त बसू नये. तिला विचारून फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि त्याच आठवड्यात ते ऐकून उतरवून काढावे, शक्यतो तिच्याच शब्दांत, तिच्या बोलीतच. ती थांबली तर आपण लगेच दुसरा प्रश्न टाकू नये. डोळ्यांत पाणी आले तर मुद्रण बंद करावे आणि नुसते शेजारी बसावे. त्या दिवशी चरित्र पुढे गेले नाही तरी चालेल. आई हयात नसेल तर तिची भावंडे, तिच्यासोबत काम केलेल्या बाया, जुने शेजारी यांना गाठावे, आणि सुनांना विचारायला विसरू नये, कारण मुलांपुढे न बोललेल्या कितीतरी गोष्टी ती घरातल्या बायकांपाशी बोललेली असते.

सर्वांत अधिक वेळ पैशांच्या बाजूला द्यावा असा माझा आग्रह आहे. आईविषयीच्या लेखनात हा भाग संकोचाने गाळला जातो, आणि नेमका तिथेच तिचा शहाणपणा दिसतो. बँकेची जुनी पासबुके, शाळेच्या फीच्या पावत्या, भाडेपावत्या, विम्याचे कागद, दागिने गहाण ठेवल्याच्या चिठ्ठ्या यांतले जे हाती लागेल ते तारखेप्रमाणे लावावे आणि कालपटाशी ताडून पाहावे. समजा, जमाखर्चाच्या वहीत एका पानावर 'उसने' असे लिहून खाली चार नावे आहेत, प्रत्येक नावापुढे रक्कम आहे, आणि तीन नावांवर वेगवेगळ्या शाईने काट मारलेली आहे. या एका पानावरून संकटात कोण उपयोगी पडले, फेड किती सावकाश झाली आणि ती हिशेबाला किती पक्की होती, एवढे सगळे कळते. चौथ्या नावावर काट का नाही, हा प्रश्न तिला विचारलाच पाहिजे. पैसे बुडाले असतील, समोरच्याने परत घ्यायला नकार दिला असेल, किंवा ते नाते तुटले असेल. यांपैकी काहीही निघाले तरी त्यातून एक अख्खे प्रकरण उभे राहू शकते. दोघांपैकी एकाच मुलाला पुढे शिकवता आले असेल तर ते कसे ठरले आणि दुसऱ्याला तिने काय सांगितले, हेही इथेच लिहावे. घरातली सर्वांत जुनी सल अनेकदा याच जागी असते, आणि ती लपवली तर चरित्राला अर्थ उरत नाही.

थोड्या शब्दांत हे कसे साधते याचे एक उदाहरण रशियन रसायनशास्त्रज्ञ द्मित्री मेंडेलीव्ह यांच्याकडे सापडते. त्यांचा जन्म 1834 साली सायबेरियात झाला आणि त्याच सुमारास वडिलांची दृष्टी जाऊन नोकरी सुटली, म्हणून आईने आपल्या माहेरच्यांचा काचेचा कारखाना चालवायला घेतला. 1847 साली वडील वारले आणि पुढच्याच वर्षी कारखाना आगीत गेला. मग या बाईने धाकट्या मुलाला घेऊन आधी मॉस्को आणि नंतर सेंट पीटर्सबर्ग गाठले, 1850 साली त्याला तिथल्या अध्यापन संस्थेत प्रवेश मिळवून दिला आणि त्याच वर्षी तिचे निधन झाले. 1887 साली आपला द्रावणांवरचा ग्रंथ आईच्या स्मृतीस अर्पण करताना मेंडेलीव्ह यांनी काय सांगितले? तिने कारखाना चालवत मला शिकवले, स्वतःच्या वागण्यातून घडवले, मायेने सुधारले आणि मला विज्ञानाच्या हाती सोपवण्यासाठी शेवटची पुंजी आणि शेवटचे बळ खर्चून सायबेरिया सोडला, असा त्याचा आशय आहे. गोष्टी मोजक्याच आहेत, पण त्यातली प्रत्येक गोष्ट तिने प्रत्यक्ष केलेली आहे. आपल्या कच्च्या मसुद्यातले प्रत्येक वाक्य याच कसोटीवर तपासावे. "आईने आम्हाला काही कमी पडू दिले नाही" असे लिहिले असेल, तर काय कमी होते आणि ते तिने कुठून भरून काढले, हे त्या जागी यायला हवे.

तिचे आयुष्य वैधव्यापासून सुरू झाले नाही आणि मुले नोकरीला लागली तिथे संपलेही नाही. लग्नाआधी ती किती शिकली, कोणते काम शिकली, कोणाच्या तालमीत वाढली, यांतले बरेच काही पुढे तिच्या उपयोगी पडलेले असते. मुले घराबाहेर पडल्यानंतरच्या वर्षांबद्दल तर कोणी लिहीतच नाही. इतकी वर्षे ज्यांच्याभोवती दिवस बांधलेला होता ती माणसे निघून गेल्यावर तिने वेळेचे काय केले, नव्याने काय शिकली, कोणाशी मैत्री केली, किंवा तिला फार एकटे वाटले का, हे जरूर विचारावे. उत्तर आपल्याला सुखावणारे असेलच असे नाही.

काही गोष्टी तिच्या परवानगीशिवाय लिहू नयेत. पुन्हा लग्न करण्याचा विचार तिच्या मनात आला होता का, सासरच्या माणसांशी काय झाले, कोणी तिचा गैरफायदा घेतला का, हे ती सांगेल तर ऐकावे, पण कागदावर आणण्याआधी तिला स्पष्ट विचारावे. हयात नातेवाइकांचे दोष लिहिताना नाव गाळता येते, प्रसंग ठेवता येतो. तिच्या चुका मात्र लिहाव्यात. ती कधी अन्यायाने रागावली असेल, एका मुलाकडे तिचा ओढा अधिक असेल, भीतीपोटी तिने कोणाची चांगली संधी अडवली असेल. हे लिहिल्याने तिचा मान कमी होत नाही, उलट तिच्यावरचे ओझे किती होते ते कळते.

मसुदा पूर्ण झाल्यावर तो तिला मोठ्याने वाचून दाखवावा, कारण वाचून दाखवताना ती तारखा आणि नावे दुरुस्त करते आणि "हे असं नव्हतं" म्हणत एखादा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगते. तो सांगितलेला प्रसंग बहुधा लिहिलेल्यापेक्षा चांगला असतो, म्हणून त्या वेळीही ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. मग भावंडांनी वाचावा आणि ज्याला जे पटत नाही ते त्याने समासात आपल्या नावाने लिहावे. छापील प्रती प्रत्येक घरात एक याप्रमाणे द्याव्यात, ध्वनिमुद्रणाच्या प्रती निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावे आणि वर्ष लिहून घ्यावे. हे शेवटचे काम तिच्या शेजारी बसूनच करावे, कारण त्यातल्या कित्येक चेहऱ्यांची नावे आता फक्त तिलाच ठाऊक असतात.