कॉम्प्युटर एकच, माऊस ज्याच्या-त्याच्या सवयीचा

परभणीला आमच्या घरी कॉम्प्युटर एक आणि वापरणारे तिघं. धाकटा भाऊ डावखुरा, त्याला माऊसची बटणं उलटी लागतात. मला बाण पळता हवा. बाबांना तो हळू चालणारा हवा. सातबारा बघताना बोट जरा हललं की गट नंबरच्या चौकटीतून बाण निसटायचा, अन् रोज सेटिंग बदलत बसावं लागायचं. विंडोजमध्ये हे सेटिंग प्रत्येक खात्याला वेगळं राहतं, हे उशिरा लक्षात आलं.

१. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा.
२. ज्यानं-त्यानं आपल्या खात्यातून माऊसचा वेग ठरवावा. विंडोज ११ मध्ये हे ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’खाली सापडतं. डावखुऱ्यांनी ‘प्रायमरी माऊस बटण’ राइट करावं.
३. उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबा, पुढचा आपल्या खात्यात जाईल.

बाबांच्या खात्यात मी ‘ॲक्सेसिबिलिटी’तून बाण मोठाही केला. चष्म्याच्या माणसाला त्याचा फार आधार होतो.

एक जपा: खातं डेटासकट डिलीट केलं तर त्याच्या डेस्कटॉप-डॉक्युमेंट्समधल्या फायलीही जातात. आधी पेनड्राइव्हवर घ्या.