लाल बाटलीला हात लावण्याआधी

थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं रसायन), ग्रीस आणि अँटी-सीझ (बोल्ट अडकून बसू नये म्हणून लावायची पेस्ट) ही तीन वेगळ्या कामांची औषधं आहेत. पण नवशिक्याच्या हातात जी बाटली येते, ती सगळ्या बोल्टांना लागते. त्यातही लाल थ्रेडलॉकर, कारण 'पक्कं बसलेलं बरं'.

एका मित्राने बाईकच्या इंजिन कव्हरच्या ६ मिमी ॲलन बोल्टांना लाल फासलं होतं. तिथे खरं तर काहीच लागत नाही. दोन वर्षांनी गॅस्केट बदलायला बसलो मी. तिसऱ्याच बोल्टला 'कट्' आवाज आला, ॲलन की फिरली आणि खाच गोल झाली. लाल सुटायला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. ॲल्युमिनियमचं कव्हर, शेजारी ऑइल सील, तिथे ज्वाला कुठे नेणार? शेवटी ड्रिलने डोकं उडवलं, कव्हर काढलं आणि उरलेल्या खुंटाला सोल्डरिंग आयर्न टेकवून बसलो. बऱ्याच वेळाने व्हाइस ग्रिपने तो हलला. माझा अख्खा रविवार गेला, मित्र मात्र चहा पीत 'अजून किती वेळ?' विचारत होता.

तेव्हापासून माझ्या डब्यात फक्त निळी बाटली असते. निळं साध्या पान्याने सुटतं. आधी आटे ब्रेक क्लीनरने धुवा, कारण हे रसायन हवा बंद झाली आणि धातू लागला की घट्ट होतं, मध्ये तेल असलं की पकड येत नाही. एक थेंब पुरे. पूर्ण ताकद यायला २४ तास द्या. 'लावलं आणि निघालो'वाल्यांचे बोल्ट रस्त्यावर सापडतात. आणि बाटली अर्धी रिकामी आली म्हणून दुकानदाराशी भांडू नका, आत हवा राहावी म्हणूनच ती तशी भरतात.

प्लास्टिकला थ्रेडलॉकर लावू नका, तडे जातात.

चाकाच्या नटांना अँटी-सीझ नको. टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. आटे निसरडे झाले की त्याच आकड्याला स्टड (नट ज्यावर बसतो तो दांडा) जास्त ताणला जातो. 'मी हातानेच आवळतो' म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

ब्रेक कॅलिपरच्या स्लाइड पिनला (ब्रेक पॅड दाबणारा कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) साधं ग्रीसही नको, रबर फुगून पिन अडकते. तिथे सिलिकॉन ग्रीस, तेही पातळ हात फिरवून.