एपॉक्सी रेझिन सुरक्षितपणे कसं हाताळावं: बाटली उघडण्यापासून कचरा टाकेपर्यंत

रेझिनचं काम म्हटलं की लोक आधी वासाला घाबरतात. त्यामुळे एपॉक्सीला फारसा वास येत नाही हे कळलं की सगळे निर्धास्त होतात. हातमोजे न घालता काम सुरू होतं, चिकट बोटांनी फोन उचलला जातो, कपाळावरचा घाम मनगटानेच पुसला जातो. खरा धोका इथेच आहे. एपॉक्सी नाकापेक्षा कातडीतून जास्त त्रास देतं, आणि तो त्रास एकदा मागे लागला की सहसा जन्मभर सुटत नाही.

आधी बाटलीत काय आहे ते समजून घ्या

एका बाटलीत रेझिन असतं आणि दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. नेहमीच्या एपॉक्सी रेझिनचा मुख्य घटक बिस्फेनॉल ए पासून बनतो. त्याचे लहान रेणू त्वचेतून आत जाऊन शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात. रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना शत्रू ठरवते, आणि पुढे थेंबभर रेझिन लागलं तरी पुरळ उठतं. हे पहिल्याच दिवशी घडेल असं नाही. काहींना काही आठवड्यांत होतं, तर काहींना अनेक वर्षं बिनतक्रार काम केल्यावर. म्हणून ‘मला आजवर कधी काही झालं नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. हार्डनरमध्ये बहुधा अमाइन गटातली रसायनं असतात. ती अल्कधर्मी असल्याने त्वचा आणि डोळे भाजू शकतात, शिवाय अ‍ॅलर्जीही देतात.

दोन्ही भाग योग्य प्रमाणात एकत्र आले आणि पूर्ण मुरले, म्हणजे आतपर्यंत घट्ट झाले, की हे रेणू एकमेकांत घट्ट अडकून बसतात. मग तो तुकडा हातात घ्यायला हरकत नसते. म्हणजे सांभाळायचं ते ओलं आणि अर्धवट मुरलेलं रेझिन. बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असेल तर ते बऱ्याचदा पूर्ण मुरलेल्या वस्तूबद्दल असतं, बाटलीतल्या द्रवाबद्दल नसतं.

पहिली पायरी: सेफ्टी डेटा शीट वाचा

सेफ्टी डेटा शीट म्हणजे मालाचे धोके आणि खबरदारी सांगणारं माहितीपत्रक. रेझिन आणि हार्डनर, दोन्हींची शीट उत्पादकाकडून मागून घ्या. तिचे १६ भाग असतात, ते सगळे पाठ करायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे आणि मास्क, तेराव्यात विल्हेवाट, एवढं बघितलंत तरी पुष्कळ झालं. धोक्याच्या संकेतांपैकी तीन लक्षात ठेवा: एच ३१७ म्हणजे त्वचेची अ‍ॅलर्जी होऊ शकते, एच ३१४ म्हणजे त्वचा आणि डोळे गंभीरपणे भाजू शकतात, आणि एच ३३४ म्हणजे श्वासातून गेल्यास अ‍ॅलर्जी किंवा दम्यासारखा त्रास होऊ शकतो. शीट द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून माल घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: जागा वेगळी करा, स्वयंपाकघर नको

१९६५ साली इंग्लंडमधल्या एपिंग गावात ८४ जणांना कावीळ झाली. शोध घेता घेता डॉक्टर पोचले ते पावापर्यंत. पावाचं पीठ ज्या गाडीतून आलं, त्याच गाडीत एपॉक्सीचा हार्डनर म्हणून वापरलं जाणारं मिथिलीनडायअ‍ॅनिलीन हे रसायन होतं. ते सांडलं, पिठाच्या पोत्यात शिरलं, आणि पाव भट्टीतून निघूनही त्याचा विषारीपणा गेला नाही. त्या ८४ जणांपैकी कुणी रेझिनचं काम करायला बसलं नव्हतं. कच्चा माल असा वाट काढतो आणि ज्याचा कामाशी संबंध नाही त्याच्या ताटात जाऊन पडतो.

म्हणून रेझिन आणि अन्न एका खोलीत नको, एका कपाटात नको, एका पिशवीतूनही नको. मिसळायचा चमचा, मापाचा पेला, वजनकाटा हे सगळं एकदा रेझिनसाठी वापरलं की कायमचं रेझिनचंच. धुऊन परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

टेबलावर फेकून देता येईल असा प्लास्टिकचा कागद पसरा. हवा खेळती हवी, पण पंखा तोंडावर येणारा नको. तुमच्या पाठीमागून हवा यावी आणि टेबलावरून पुढे खिडकीबाहेर जावी, अशी मांडणी करा. लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत माल पूर्ण मुरेपर्यंत नकोत.

तिसरी पायरी: हातमोजे, आणि ते काढण्याची रीत

लेटेक्सचे हातमोजे इथे जवळजवळ निरुपयोगी. पातळ नायट्राइल चालतात, पण शिंतोड्यांपुरतेच. त्यांच्यावर रेझिन सांडलं की लगेच बदलायचे. जास्त वेळ हात माखणार असतील तर ब्यूटाइल रबराचे किंवा अनेक थरांचे लॅमिनेट हातमोजे घ्या. अ‍ॅसिटोनसारखं द्रावक हातमोज्यावर पडलं तर ते रेझिनला सोबत घेऊन आत झिरपतं, तेव्हा असा हातमोजा क्षणभरही हातात ठेवू नका. लांब बाह्यांचा जुना सदरा आणि बंद चष्माही हवा. त्वचेवर लावायची संरक्षक क्रीम हातमोज्याची जागा घेऊ शकत नाही.

सगळं सामान चांगलं असूनही माणसं फसतात ती हातमोजे काढताना. बोटांना धरून ओढू नका. एका हाताने दुसऱ्या हातमोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरा आणि तो उलटा करत काढा, म्हणजे माखलेली बाजू आत जाईल. तो गोळा हातमोजा घातलेल्या मुठीत ठेवा. आता मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या हातमोज्याच्या आत, कातडीच्या बाजूने सरकवा आणि तोही पहिल्यावरून उलटा करा. उघड्या कातडीने बाहेरच्या बाजूला स्पर्श करायचा नाही. फोन वाजला, दार उघडायचं झालं, चष्मा सरकला, तर दर वेळी हातमोजा आधी निघाला पाहिजे. रेझिनच्या अ‍ॅलर्जीत पापण्या सुजण्याचं एक मोठं कारण हेच: रेझिन बोटावरून दाराच्या कडीवर आणि कडीवरून डोळ्यापर्यंत जातं.

चौथी पायरी: मोजा आणि मिसळा

प्रमाण वजनाने दिलंय की आकारमानाने, हे आधी बघा. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्याने त्यात गल्लत झाली की सगळंच चुकतं. ‘थोडा जास्त हार्डनर घातला की लवकर घट्ट होतं’ हा समज एपॉक्सीच्या बाबतीत साफ खोटा आहे. इथे हार्डनर स्वतःच रेणूंच्या जाळ्याचा भाग बनतो. जास्तीच्या रेणूंना जोडीदार मिळत नाही आणि ते वस्तूत कच्चेच राहतात.

सावकाश ढवळा. पेल्याच्या कडा आणि तळ काडीने खरवडत राहा, कारण न मिसळलेला माल तिथेच दडून बसतो. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा एकदा ढवळा. वस्तूवर नंतर जे चिकट चट्टे राहतात ते बहुधा या न मिसळलेल्या मालाचे असतात, आणि चिकट म्हणजे कच्चं.

मिसळलेलं रेझिन पेल्यात तसंच ठेवू नका. या क्रियेत उष्णता निघते. मोठा साठा एकत्र राहिला तर ती बाहेर पडत नाही, पेला वितळतो, धूर येतो. तसं झालं तर झाकण लावू नका. शक्य असेल तर जाड हातमोज्यांनी पेला उघड्यावर, न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा आणि धुरापासून लांब व्हा.

पाचवी पायरी: मुरू द्या, मगच घासा

बोटाला कडक लागलं म्हणजे मुरलं असं नाही. अनेक एपॉक्सी एका दिवसात कडक होतात, पण पूर्ण मुरायला खोलीच्या तापमानाला सात दिवस किंवा त्याहून जास्त लागू शकतात. उत्पादकाने दिलेला काळ पाळा. गार किंवा दमट हवेत पृष्ठभागावर मेणासारखा थर येतो. तो घासायच्या आधी पाण्याने धुऊन काढा.

घाईने घासलं तर अर्धवट मुरलेल्या रेझिनची धूळ मानेवर, मनगटावर आणि फुप्फुसांत जाते. पॉलिशपेपर ओला करून घासणं सर्वांत उत्तम. मास्क निदान एन ९५ दर्जाचा घाला. मात्र हा मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं.

दुसऱ्या जातीची रेझिनं असतील तर

पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये त्याला ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं. त्याच्या हार्डनरमधलं पेरॉक्साइड डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि ते कोबाल्टच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये, म्हणजे घट्ट होण्याचा वेग वाढवणाऱ्या रसायनात, थेट मिसळलं तर स्फोट होऊ शकतो. अतिनील प्रकाशात घट्ट होणारं रेझिन अ‍ॅक्रिलेट गटातलं असतं. त्यातले काही रेणू पातळ हातमोज्यातून काही मिनिटांत पार होतात आणि अ‍ॅलर्जी देतात. दातांच्या प्रयोगशाळेत आणि नखांच्या सलूनमध्ये काम करणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा आहे. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. त्याची फवारणी घरी करूच नका.

अंगावर पडलं तर

आधी कोरड्या कागदाने टिपा, मग साबण आणि पाणी. अ‍ॅसिटोन, थिनर, व्हिनेगर काहीही कातडीला लावू नका. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टर गाठा.

ताट-वाट्यांना रेझिन लावावं का?

मी नको म्हणेन. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल ए ची रोजची सहन करण्याजोगी मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पटींनी खाली. घरी मिसळलेलं रेझिन कितपत मुरलं हे आपल्याला मोजता येत नाही. त्यातच अनेक हौशी रेझिनं ५०-६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतात. शोभेच्या वस्तू खुशाल करा, गरम अन्न मात्र त्यात वाढू नका.

उरलेल्या मालाचं काय?

मोरीत किंवा गटारात काहीही ओतायचं नाही, कच्चं रेझिन जलचरांना विषारी असतं. उरलेलं योग्य प्रमाणात मिसळा, पातळ थरात पसरून मुरू द्या आणि मग कोरड्या कचऱ्यात टाका. प्रकाशात घट्ट होणारं रेझिन ज्या अल्कोहोलने धुतलं, ते ज्वलनशीलही असतं आणि दूषितही. ते बंद डब्यात, नाव लिहून साठवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

पुरळ उठलं तर

बोटांच्या बेचक्यात, मनगटावर किंवा पापण्यांवर एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, बारीक फोड दिसले तर काम थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कामाच्या दिवशी श्वास लागतो आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं, असं असेल तर तेही सांगा, कारण ते दम्याचं लक्षण असू शकतं. पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा तपासतात. नेहमीच्या चाचणी संचात एपॉक्सी रेझिन असतं, पण तुमचा हार्डनर त्यात बहुधा नसतो. म्हणून जाताना दोन्ही बाटल्यांच्या शीट सोबत न्या आणि हार्डनरची चाचणी वेगळी करायला सांगा.