०.६२५चा मोह

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीटी स्कॅनवर टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं: स्लाइस, म्हणजे इमेजमधला शरीराचा काप, जितकी पातळ, तितका टेक्निशियन भारी. नागपुरात मोठ्या मशीनवर हात साफ करून आलो होतो. इथले प्रोटोकॉल, म्हणजे स्कॅनची ठरलेली सेटिंग, पाहून हसू यायचं. पोट अजून ५ मिलीमीटरनं!

महिनाभरात हसू जिरलं.

किडनी स्टोनची केस, पंचविशीतला शेतकरी पोरगा. बारीक खडा निसटू नये म्हणून पहिल्या रिकन्स्ट्रक्शनची (स्कॅनच्या डेटातून इमेज बनवणं, आमच्या भाषेत रिकन) जाडी ५ची ०.६२५ मिलीमीटर केली आणि स्कॅन मारला. संध्याकाळी रजिस्टर भरताना डोस रिपोर्ट पाहिला. सीटीडीआय-व्हॉल, म्हणजे स्कॅनच्या रेडिएशनचं माप, २३. आमच्याकडे केयूबीला (किडनी ते मूत्राशयाचा स्कॅन) तो ८च्या वर क्वचितच जातो.

एक्स-रे ट्यूबचा करंट, आणि त्याबरोबर डोस, आपोआप ठरवतो तो ऑटो एमए. पण तो करंट कशावरून ठरवतो? आमच्या मशीनमध्ये नॉईज इंडेक्सवरून, म्हणजे इमेजमध्ये किती नॉईज (दाणेदारपणा) चालेल त्या आकड्यावरून, आणि तो इंडेक्स पहिल्या रिकनच्या जाडीला बांधलेला. परत वाचा, पहिल्या रिकनच्या. स्लाइस आठपट पातळ केली की तिच्या वाट्याला फोटॉन आठवा हिस्सा येतात, नॉईज ८च्या वर्गमुळाइतका, म्हणजे जवळपास २.८ पट होतो. मशीनला तर मी सांगून ठेवलेलं, नॉईज वाढू द्यायचा नाही. मग ते आठपट डोस मागणारच. ट्यूबची कमाल मर्यादा आडवी आली म्हणून तिपटीवर थांबलं. तुमचं मशीन दुसऱ्या कंपनीचं असेल तर हिशेब वेगळा असू शकतो, इंजिनिअरला विचारा.

चीड याची येते की गरजच नव्हती. डिटेक्टर डेटा ०.६२५नंच घेत होता. पहिलं रिकन ५चंच ठेवायचं आणि स्कॅन झाल्यावर त्याच रॉ डेटातून दुसरं ०.६२५चं काढायचं. पेशंटला जादा रेडिएशन शून्य. फक्त त्याच दिवशी काढा, डिस्क भरली की मशीन जुना रॉ डेटा पुसून टाकतं.

शार्प कर्नल, म्हणजे कडा ठळक करणारं पण नॉईजही वाढवणारं रिकनचं सेटिंग, खाणकामगाराच्या एचआरसीटीला (फुफ्फुसाच्या बारकाईच्या स्कॅनला) हवाच. मी तो लिव्हरला लावून पाठवला, तर रिपोर्टिंगच्या मॅडमचा नागपूरहून फोन: "काहून रे, लिव्हर पाठवलं का रव्याचा लाडू?"

१०२४ मॅट्रिक्ससाठी (इमेजच्या एका बाजूला तितके पिक्सेल) मालकाच्या मागे लागू नका. ३५० मिलीमीटरचं फील्ड (इमेजमध्ये येणारी रुंदी) आणि ५१२ मॅट्रिक्स म्हणजे पिक्सेल ०.६८ मिलीमीटरचा. कानाच्या हाडासाठी फील्ड १८० करून रिकन काढलं की ०.३५, तेही फुकटात. नुसतं झूम केलं तर मात्र काहीच मिळत नाही, पिक्सेल तेवढे मोठे दिसतात.

रिपोर्टिंगला इमेज पाठवायचंही बघा. ३० सेंटीमीटर पोट ५नं ६० इमेज, साधारण ३० एमबी. ०.६२५नं ४८० इमेज, २४० एमबी. अपलोड ४ एमबीपीएस मिळालं तरी आठ मिनिटं, आणि मधेच लाइन गेली की पहिल्यापासून. अपघाताचा पेशंट टेबलावर असेल तर जाड स्लाइस आधी पाठवा, पातळ मागून जाऊ द्या.

सिनियर म्हणतात, "प्रोटोकॉलला हात लावू नको." त्यांचं बरोबरच असतं, पण कारण सांगत नाहीत, म्हणून पोट्टे हात लावतातच. यूट्यूबवरून सेटिंग उचलणाऱ्यांना तर मी कन्सोलजवळ बसूच देणार नाही.

घाबरायचं मात्र कारण नाही. स्काऊट, म्हणजे आखणीसाठीची आधीची साधी इमेज, झाला की स्कॅन मारायच्या आधीच स्क्रीनवर अंदाजे सीटीडीआय येतो. त्या दिवशीही आला होता, माझ्या नाकासमोर. तेवढा आकडा वाचायची सवय लावा. नेहमीपेक्षा जास्त वाटला तर थांबा, पेशंट दोन मिनिटं पडून राहील.

खडा ७ मिलीमीटरचा निघाला. ५च्या स्लाइसवरही दिसलाच असता. तो पोरगा मागे आठवडी बाजारात भेटला. "सीटीवाले भाऊ, तुमच्यानंच खडा सापडला ना बाप्पा," म्हणत बळंच चहा पाजला. मी मुकाट प्यालो.